तक्त्यात नसलेली कामं

कोंबड्या आणि शेळ्या आणायचं नक्की झालं, त्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने कामाचा तक्ता केला. आडव्या ओळीत वार, उभ्या ओळीत कामं, प्रत्येकाला एक रंग. दूध काढणं, खुराडं झाडणं, पाणी, चारा, अंडी गोळा करणं, सगळं सहा जणांत अगदी न्यायाने वाटलेलं. मुलांच्या परीक्षासुद्धा हिशेबात धरल्या होत्या. तो तक्ता अजून फ्रिजच्या दारावर आहे, पण उलटा. कोऱ्या बाजूवर आम्ही सामानाची यादी लिहितो.

तक्त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त तो माणसांना विचारून केला होता. जनावरांना कोणी विचारलं नव्हतं, आणि कोणतं काम कोणाचं हे शेवटी ठरवलं ते त्यांनीच. पाहुणे येतात, वाफे बघतात, करडांचे फोटो काढतात आणि म्हणतात, "किती छान! सगळं कुटुंब मिळून राबतं." मिळून आम्ही फारसं काही करत नाही. ज्याचं त्याचं जनावर ठरलेलं आहे, ज्याचा त्याचा कोपरा ठरलेला आहे, आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात नाक खुपसलं की भांडण होतं.

जागा म्हणाल तर अर्ध्या एकराच्या आतबाहेर. कोंबड्या, तीन शेळ्या आणि त्यांची करडं, भाजीचे वाफे, मोजकी फळझाडं, मागच्या बाजूला खताचे ढीग. पोट यावर नाही. आम्ही दोघंही नोकरी करतो. ही हौस आहे, आणि ते मान्य करायला मला लाज वाटत नाही. पण हौस आपली असते, भूक जनावराची असते आणि ती रोज ठरल्या वेळी लागते. रविवार, ताप, पाऊस, आदल्या रात्रीचं जागरण, यातलं काहीही शेळीला सांगून उपयोग नसतो.

तक्त्याप्रमाणे कोंबड्या धाकट्याकडे होत्या. लहान मुलांना कोंबड्या आवडतात असा एक समज आहे. आमच्या धाकट्याला कोंबड्यांचे पाय बघवत नाहीत. आप्पा, म्हणजे माझे सासरे, यांचं नाव फक्त 'देखरेख' या रकान्यात होतं, तेही त्यांचा मान राखायचा म्हणून. सगळा जन्म त्यांनी हिशेबाच्या वह्यांत काढला. "मला त्या घाणीत ओढू नका," हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता पहाटे सगळ्यात आधी खुराड्याची कडी काढतात ते आप्पाच.

त्यांना ओढलं ते अंड्यांच्या वहीने. कोणती कोंबडी कधी अंडं देते हे लिहून ठेवायचं, एवढंच आम्ही त्यांच्या गळ्यात घातलं होतं. पण नोंद जुळेना. एक तांबडी कोंबडी आज सकाळी लवकर द्यायची, उद्या जरा उशिरा, परवा भर दुपारी, मग एक दिवस कोरा, आणि त्यानंतर पुन्हा सकाळपासून सुरुवात. आप्पांना खात्री झाली की कोणीतरी अंडं उचलतंय. आधी मुंगसावर संशय, मग उंदरांवर, मग धाकट्यावर. शेवटी थोरलीने कागद घेऊन समजावलं. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, आणि त्यातले जवळजवळ २० तास नुसतं कवच चढण्यात जातात. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते. सरकत सरकत दिवस उतरणीला लागला की कोंबडी तो दिवस सोडून देते आणि नव्याने सुरू करते. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे चोरी नाही. हिचा दिवसच आपल्यापेक्षा मोठा आहे." आणि त्यांनी वहीत प्रत्येक कोंबडीला स्वतंत्र खातं उघडलं.

तेव्हापासून कोंबड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. दिवस लहान झाले तशी अंडी घटली. कोंबडीला नियमित अंडी द्यायला १४ ते १६ तास उजेड लागतो, म्हणून नवरा म्हणाला, खुराड्यात एक दिवा लावू, टायमर बसवू. आप्पांनी साफ नकार दिला. त्याच सुमाराला कोंबड्यांची पिसं झडायला लागली होती. खुराडं पिसांनी भरून गेलं आणि धाकटा रोग आला म्हणून घाबरला. रोग नव्हता. जुनी पिसं टाकून नवी यायची ती वेळ होती. पिसं बहुतेक प्रथिनांचीच असतात, त्यामुळे शरीराचं सगळं बळ तिकडे लागतं आणि अंडी थांबतात. आप्पांनी खाद्यातली प्रथिनं वाढवली, वहीत त्या काळापुढे 'रजा' लिहिलं आणि दिव्याचा विषय बंद केला. वर्षभर राबलेल्या बाईला महिना-दोन महिने कोणी उठवू नये, हे त्यांचं मत मला फार पटलं. घरातल्या इतर बायकांना ते लागू आहे का, हे मी विचारून घेतलं. उत्तर मिळालं नाही.

अंडी धुण्यावरून मात्र त्यांचं आणि आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, जुंपलं. आईंच्या हिशेबी बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे. त्यातून मुलं सुटत नाहीत, तर अंडी कशी सुटतील? पण अंडं घातलं जातं तेव्हा त्याच्या कवचावर एक पातळ थर असतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि तो थर ती झाकून ठेवतो. धुतलं की थर जातो आणि जंतूंना वाट मिळते. आप्पा म्हणाले, धुवायचं नाही. आई म्हणाल्या, मग माझ्या ओट्यावर ठेवायचं नाही. तह असा झाला: घरट्यातलं गवत आप्पांनी वारंवार बदलायचं म्हणजे अंडी मुळात घाण होणार नाहीत, चुकून माखलेलं एखादं वेगळं ठेवायचं आणि ते वापरायच्या ऐन वेळी धुवायचं. अंड्यांना हात लावून आलेल्या प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे, यावर मात्र दोघांचं एकमत आहे, आणि त्या एकमताचा जाच आम्हा बाकीच्यांना होतो.

दूध काढायचं काम तक्त्यात माझं आणि नवऱ्याचं होतं, एकाआड एक दिवस. चंद्री म्हणजे आमची थोरली शेळी. माझ्या हाताखाली ती भांड्यात पाय घालायची. नवरा बसला की पान्हा चोरायची. कास टच्च भरलेली दिसायची आणि हाताला चार धारा लागायच्या. आम्ही खुराक बदलला, जागा बदलली, वेळ बदलली.

एकदा नवरा घरी नव्हता आणि मला हाताला लागलेलं होतं, म्हणून धाकट्याला बसवलं. त्याचा एक स्वभाव आहे, तो गप्प बसू शकत नाही. स्टुलावर बसल्या बसल्या त्याने चंद्रीला वर्गातल्या कोणाची तरी सबंध भानगड सांगायला घेतली. ऐकता ऐकता ती रवंथ करायला लागली आणि पान्हावली. भांडं भरलं.

यात जादू काही नाही. कासेला ओळखीचा हात लागला, ओळखीचा आवाज कानावर पडला की शेळीच्या रक्तात ऑक्सिटोसिन उतरतं आणि त्याने दूध खाली येतं. ती बिथरलेली असेल तर ॲड्रेनालिन आड येतं. मग कितीही पिळा, दूध आत असूनही येत नाही. मी घाईत असायचे, डोक्यात पुढची कामं. नवरा तंत्राचा पक्का, पण एक शब्द बोलत नसे. धाकटा नुसता बडबडत होता.

आता तो त्या कामात तयार झाला आहे. आधी कास कोमट पाण्याने पुसतो आणि कोरडी करतो. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढतो आणि वाटी उजेडाकडे धरून बघतो. दुधात गुठळ्या दिसल्या किंवा रंग बदललेला दिसला तर दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, शंका घ्यायची, हे त्याने डॉक्टरांकडून ऐकलं आहे. अंगठा आणि तर्जनीने सड वरून बंद करायचा, म्हणजे दूध परत वर जात नाही, आणि मग उरलेली बोटं एकेक करून मिटायची. सड ओढायचा नाही. दूध काढून झालं की सड औषधाच्या पाण्यात बुडवतो आणि पुढ्यात चारा टाकून तिला उभं ठेवतो. दूध काढल्यावर सडाचं तोंड थोडा वेळ उघडं राहतं. तेवढ्यात ती घाणीत बसली तर जंतू आत जातात. हे सगळं तो मला शिकवतो, कारण माझ्याकडून त्यातलं काहीतरी राहतंच असं त्याचं म्हणणं आहे.

आणखी एक. शाळेत काय चाललंय हे आम्हाला चंद्रीमार्फत कळतं. जेवताना विचारलं तर 'काही नाही' एवढंच. गोठ्याच्या भिंतीपलीकडे वाफ्यात खुरपत बसलं की सगळं ऐकू येतं. त्या बाजूचे वाफे तणमुक्त असतात.

थोरलीच्या नावापुढे तक्त्यात 'शनिवार-रविवार झाडलोट' होतं. तिने ती कधीच केली नाही. तिला कामात रस नव्हता, वाचण्यात होता. रात्र रात्र फोनवर काहीतरी बघत बसायची आणि मी ओरडायचे. ती शेळीचं बाळंतपण बघत होती, हे नंतर कळलं.

ढवळी पहिलारू होती. शेळी साधारण १५० दिवसांनी विते. थोरलीने तारीख धरून ठेवली होती आणि त्या सुमाराला ती रोज दोनदा ढवळीच्या शेपटीचं मूळ चाचपायची. तिथे दोन्ही बाजूंना पेन्सिलीसारखे कडक बंध हाताला लागतात. विण्याची वेळ जवळ आली की ते मऊ पडतात आणि शेवटी सापडेनासे होतात. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बंध गेले. आज होईल." ढवळी कळप सोडून कोपऱ्यात उभी होती, पुढच्या पायाने जमीन उकरत, मध्येच वळून स्वतःच्या कुशीकडे बघत. कास ताणून चकचकीत झाली होती. थोरलीने कोरडं गवत पसरलं, जुने टॉवेल आणले, कोमट पाणी, साबण, आयोडीन मांडलं, आणि सगळ्यांदेखत बसून आपली नखं मुळापासून कापली. वाढवलेली नखं होती ती. तिच्या बापाला तेव्हा परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

पहिलं करडू सरळ आलं. दोन खुरं पुढे, त्यांवर टेकलेलं नाक, जसं यायला हवं तसं. थोरलीने नाकातोंडातला चिकटा पुसला आणि ते आईच्या तोंडाशी सरकवलं. ढवळी चाटायला लागली. मग दुसऱ्याच्या कळा सुरू झाल्या, आणि बराच वेळ नुसत्या कळाच. दिसलं ते नाक आणि एकच खूर.

मी डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाशी धरला. नवरा विजेरी धरून उभा होता. "उजेड इकडे, तोंडावर नको," ती म्हणाली. तिच्या आवाजात आम्हाला उद्देशून इतका स्पष्ट हुकूम मी त्याआधी ऐकला नव्हता. कोपरापर्यंत हात धुतले, साबणाने बुळबुळीत केले. कळ चालू असताना काही करायचं नाही. कळ ओसरली की करडाचं डोकं हलकेच थोडं मागे सारायचं, म्हणजे आत जागा होते. मग बोटांनी दुमडलेला पाय शोधायचा आणि तो पुढे आणताना खूर आपल्या तळहातात झाकून घ्यायचा, कारण उघड्या खुराने गर्भाशय फाटू शकतं. तिचे डोळे मिटलेले होते. बघण्यासारखं काही नव्हतंच, सगळं हाताला कळणार होतं. ढवळी ओरडली. थोरली तिच्याशी काहीतरी पुटपुटली, आणि दुसरा खूर बाहेर आला. पुढच्या कळेसरशी करडूच आलं.

त्यानंतर तिने आम्हाला कामाला लावलं. नाळेला आयोडीन मी. टॉवेलने चोळून कोरडं करायचं काम नवऱ्याचं. पहिल्या तासाभरात दोन्ही करडांच्या पोटात चीक जायलाच हवा, असं तिने बजावलं. आईच्या रक्तातली प्रतिकारशक्ती शेळीच्या बाबतीत वारेतून पिलाला मिळत नाही, जी मिळते ती चिकातून, आणि तास उलटत जातात तशी ती शोषून घेण्याची करडाच्या आतड्याची ताकद कमी होत जाते. वार पडायला वेळ लागला तेव्हा नवरा ती ओढायला पुढे झाला. "हात लावायचा नाही," थोरली म्हणाली. वार पहाटेपर्यंत आपोआप पडली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही आणि मी एक अवाक्षर काढलं नाही.

माझं काम मात्र तक्त्यात कोणाच्याच नावापुढे नव्हतं. खत. जनावरं आणताना त्यांच्या तोंडात काय जाणार याचा विचार सगळे करतात. दुसऱ्या टोकाचा विचार माझ्याकडे आला. तीन शेळ्यांच्या लेंड्या, भिजलेलं गवत, खुराड्यातला केर, खुरपणीचं तण. कोंबडीची विष्ठा ताजी असताना इतकी तेज असते की रोपं जळतात, आणि कच्चं खत पालेभाजीत टाकलं तर त्यातले जंतू पानावर येतात. म्हणजे कुजवणं आलं. मी एक लांब दांड्याचा थर्मामीटर मागवला आणि तेवढ्यावर माझा निकाल लागला.

ढीग कमीतकमी मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर उष्णता धरत नाही. सुका पाला, गवत, काड्या यांत कर्ब भरपूर. लेंड्या, विष्ठा, हिरवं तण यांत नत्र. एक भाग नत्र तर २५ ते ३० भाग कर्ब, हे प्रमाण साधलं की ढीग पेटतो. मुठीत घेऊन दाबलं तर ओल जाणवावी, पण पाणी गळू नये. नाकात अमोनियाचा भपकारा गेला तर सुका पाला वाढवायचा. काहीच घडत नसेल तर हिरवं किंवा पाणी. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर काही दिवस टिकलं की तणाचं बी मरतं आणि रोगजंतूही. मग ढीग उपसून बाहेरचं आत, आतलं बाहेर. सकाळच्या गारव्यात ढीग पहिल्यांदा उकरला की वाफ येते. ती बघायला मी कोणालाही बोलावत नाही. वासामुळे तिथे आपणहून कोणी येत नाही, आणि सबंध जागेत माझ्यापाशी कोणी काही मागायला येत नाही असा तो एकच कोपरा आहे.

नवऱ्याकडे कुंपण आणि पाणी. ठिबकचे फिल्टर धुणं, तुंबलेले ड्रिपर मोकळे करणं, जाळीला पडलेली भोकं बुजवणं. काम कंटाळवाणं आहे आणि तो ते मन लावून करतो. खाद्याच्या पिंपाला त्याने दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या कड्या लावल्या आहेत, कारण एक कडी चंद्री उघडते. शेळीने भसाभस धान्य खाल्लं तर पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते, त्यामुळे त्या दोन कड्यांची आम्ही कोणी थट्टा करत नाही.

राहिल्या आई. आईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्या गोठ्यात पाऊल ठेवणार नाहीत, आणि ठेवलं नाही. त्या खिडकीपाशी बसतात. तिथून गोठ्यापुढची मोकळी जागा दिसते. एकदा काळीकडे, म्हणजे आमच्या तिसऱ्या शेळीकडे, बघून त्या म्हणाल्या, "ही आज रवंथ करत नाहीये." आम्ही बाहेर जाऊन पाहिलं तर तिची डावी कूस फुगायला लागली होती. पोटफुगी होती, वेळेत कळलं म्हणून निभावलं. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "हिच्या जबड्याखाली पाणी साठलंय." खालची पापणी ओढून बघितली तर आतला भाग लालसर असायला हवा तो पांढरा पडलेला. पोटात रक्त पिणारे जंत. या जंतांच्या अळ्या ओल्या गवतावर चढतात, बहुतेक जमिनीलगतच्या चार बोटांत, म्हणून आखूड गवतावर चारलं की धोका वाढतो. तेव्हापासून चरायची जागा पाळीपाळीने बदलतो आणि पापण्या नेमाने बघतो. डॉक्टर म्हणाले, रोज जनावर बघणारं माणूस घरात असणं हे निम्मं औषध. आई म्हणाल्या, मी कुठे जनावरं बघते, मी बाहेर बघते.

वाईट भाग यायचाच होता, तो आप्पांच्या खुडूक कोंबडीमुळे आला. तांबडी खुडूक बसली, आप्पांनी तिच्याखाली अंडी ठेवली, प्रत्येकावर पेन्सिलीने खूण केली, सातव्या दिवशी अंधारात विजेरी धरून आतल्या शिरा पाहिल्या. २१ व्या दिवशी कवचं टोचलेली दिसली. एक पिलू टोचून थांबलं, तास गेले, तरी पुढे काही नाही. आप्पा कवच सोलायला निघाले आणि थोरलीने त्यांचा हात धरला. टोचल्यावर बाहेर यायला पिलू २४ तासही घेऊ शकतं. तेवढ्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाखालच्या पापुद्र्यातलं रक्त आटत असतं. घाईने सोललं तर रक्तस्राव होतो. आप्पा खुराड्यापुढे खुर्ची टाकून बसले. पिलू रात्री आलं.

पण पिलांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते मोठे होतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जास्त असले तर आपसांत रक्त निघेतो लढतात आणि कोंबड्यांच्या पाठीवर पीस ठेवत नाहीत. आमचा जुना कोंबडा थकला होता, म्हणून एकाला ठेवता येणार होतं. धाकट्याने ज्याचं नाव 'इन्स्पेक्टर' ठेवलं होतं तो राहिला. बाकीच्यांचं काय?

आई मांस खात नाहीत, नवरा खातो, मी खाते, थोरली कधी खाते कधी नाही. आप्पा गप्प. नवरा म्हणाला, ओळखीचा एकजण आहे, त्याला देऊन टाकू. थोरली म्हणाली, "देऊ, आणि तो ते कापणार आहे हे याच्यासमोर सांगा." 'हा' म्हणजे धाकटा, तिथेच बसलेला. नवऱ्याला तिचा राग आला. मला नाही आला. आम्ही विकत आणून खातो तेव्हा ही चर्चा होत नाही, एवढाच फरक आहे, आणि मुलाला तो कळलेला बरा असं माझं मत होतं आणि आहे. धाकटा रडला, रात्री जेवला नाही, आणि त्याने कोंबडी खाणं सोडलं. त्याच्या बापाने अजून सोडलेलं नाही. दोघं एकाच पंगतीला बसतात आणि त्यावर बोलत नाहीत. आप्पांनी मात्र खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणं बंद केलं. आता कोणी खुडूक बसली की ते तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पोटाखालची ऊब गेली की काही दिवसांत तिची बैठक मोडते. त्यांच्या वहीत जमा-खर्चाच्या शेजारी एक रकाना आहे, त्यात त्या नर पिलांची संख्या लिहिलेली आहे आणि पुढे काही लिहिलेलं नाही.

आम्ही सहा जण एकत्र कुठे जात नाही. जाता येत नाही. दोघं गेले तर चौघं मागे, आणि त्या चौघांत धाकटा हवाच, नाहीतर दूध अडतं. शेजाऱ्यांना एकदा सगळं लिहून, दाखवून, समजावून गेलो होतो. चंद्रीने त्यांना दाद दिली नाही. फोन स्पीकरवर लावून तिच्या कानाशी धरला आणि धाकटा पलीकडून बोलत राहिला, तेव्हा कुठे काम झालं. ही गोष्ट मी हसत सांगते, पण मुलांचे मित्र सुट्टीत जिथे जाऊन येतात तिथे आमची मुलं सगळ्यांसोबत गेलेली नाहीत, आणि थोरलीने हे आम्हाला भांडणात ऐकवलेलं आहे. ती खोटं बोलत नव्हती.

आणि आता तीच शिकायला बाहेर जाणार. ढवळी आणि काळी दोघी गाभण आहेत, तारखा ती गेल्यानंतरच्या. धाकट्याला रक्त बघवत नाही. माझे हात मोठे आहेत, आणि शिवाय मी डॉक्टरांना फोन लावणारी. राहता राहिला नवरा.

गेल्या रविवारी तिने त्याला गोठ्यात बसवलं, मांडीवर करडू दिलं आणि डोळे मिटायला सांगितले. आत हात घातल्यावर पाय लागला तर तो पुढचा की मागचा, हे आधी ओळखता आलं पाहिजे. खुरापासून वर जायचं. पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकत असतील तर पाय पुढचा. उलटसुलट वाकत असतील तर मागचा. तिने एक पाय त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ सांधे वाकवून बघत होता. करडू तेवढ्यात त्याच्या शर्टाचं बटण चघळायला लागलं.

"मागचा," तो म्हणाला.

"पुढचा. परत."